सगळं एकातच नको

मराठी मासिक आणि दिवाळी अंक यांच्या निर्मितीची तांत्रिक बाजू मी बरीच वर्षं सांभाळते आहे. लेखकाकडून मजकूर आल्यापासून तो छपाईला जाईपर्यंत, आणि छापलेला अंक वर्गणीदाराकडे रवाना होईपर्यंत संगणकाचं जे काही असेल ते माझ्याकडे. संगणकशास्त्र मी शिकलेले नाही. डीटीपी करता करता, अडलं की शिकत गेले. या कामात दोन्ही जातींची सॉफ्टवेअरं हाताखालून गेली: एकच काम करणारी चिमुकली, आणि ‘हे घेतलंत की दुसरं काही लागायचंच नाही’ असं सांगून गळ्यात घातली जाणारी अवाढव्य. माझं माप छोट्यांकडे झुकतं, हे आधीच सांगून टाकते. पण त्यांचीही गाऱ्हाणी आहेत, ती झाकणार नाही.

१. विकत घेण्याआधी माहिती बाहेर काढून बघावी.

आमच्या कार्यालयात एके काळी अशी एक सर्वगुणसंपन्न प्रणाली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. वर्गणीदार, लेखकांचं मानधन, जाहिरातींची बिलं, हिशेब, एसएमएस, पत्त्यांची लेबलं, सगळं एकाच पडद्यावर. डेमो असा झकास झाला की विश्वस्त मंडळी खूश. सुरुवातीला तक्रारीला जागाही नव्हती. मग लेबलाच्या कागदाचं माप बदललं. आम्ही स्वस्तातला तीन रकान्यांचा कागद आणला, आणि प्रणालीला दोनच रकाने ठाऊक. बदल करून मिळेल, पण त्याचे पैसे वेगळे, असं उत्तर आलं. बरं, मग निदान यादी तरी द्या, लेबलं आम्ही दुसरीकडून काढतो. ‘एक्सपोर्ट’ नावाचं बटण होतं. त्याच्याखाली पर्याय एकच: पीडीएफ.

पीडीएफ म्हणजे जवळजवळ छापील कागदच. नाव कुठे संपलं, पत्ता कुठे सुरू झाला, पिनकोड कुठला, हे त्यात माणसाला दिसतं. यंत्राला ते ओढूनताणून काढावं लागतं आणि मराठीत तर त्याची काना-वेलांटीसकट खिचडी होते. वर्गणीदार आमचे, पत्ते भरले आमच्याच माणसांनी, आणि तेच मागायला आम्ही दुसऱ्याच्या दारात. ती प्रणाली सोडली तेव्हा यादी पुन्हा टाइप करून घ्यावी लागली.

आता कुणी नवं सॉफ्टवेअर दाखवायला आलं की मी चार खोटी नावं भरायला लावते आणि म्हणते, एवढी सीएसव्हीमध्ये काढून द्या. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. ‘ती सोय पुढच्या आवृत्तीत येते आहे’ असं ऐकू आलं की चहा पाजायचा आणि निरोप द्यायचा.

२. छोट्या प्रोग्रामांचं बळ छोटेपणात नाही, जोडणीत आहे.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ ला एक टिपण लिहिलं. बागेत पाणी घालायच्या नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत, अशी त्यात मागणी होती. ती पुरी व्हायला १९७३ उजाडलं. केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीत ‘पाइप’ घातला, म्हणजे एका प्रोग्रामचं उत्तर सरळ पुढच्याच्या हातात देण्याची सोय केली.

या गोष्टीतला पाइपइतकाच महत्त्वाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. तेव्हाचे बरेच प्रोग्राम फाइलचं नाव दिल्याशिवाय कामालाच लागत नसत. नुसता पाइप घालून काही उपयोग नव्हता. थॉम्प्सन यांनी एका रात्रीत बसून त्या प्रोग्रामांनाही वळण लावलं: समोरून येईल ते वाच, कुणाकडून आलं ते विचारू नकोस. ही न विचारण्याची शिस्त आली आणि मगच ते एकमेकांच्या कामाला येऊ लागले.

आपल्याकडे याचं उदाहरण रोज खिशात असतं. २०१६ च्या आधीही मोबाइलवरच्या पाकिटातून पैसे देता येत होते, पण दुकानदाराचं पाकीटही तुमच्याच कंपनीचं असलं तर. एनपीसीआय या बँकांच्या सामाईक संस्थेने यूपीआय आणलं आणि मधला सांधा सगळ्यांसाठी एकच केला. आज भाजीवाल्याने लावलेला क्यूआर कुठल्या कंपनीचा आहे हे कोण बघतं? ॲप तुमच्या आवडीचं, बँक त्याच्या सोयीची, आणि कोथिंबिरीचे दहा रुपये पोचतात.

३. माहितीची रचना चांगली असली की साधं हत्यार पुरतं.

अंक पोस्टात टाकताना गठ्ठे गावांप्रमाणे लावून दिले तर काम सुकर होतं. आमच्या त्या जुन्या प्रणालीत यासाठी वेगळं मॉड्यूल होतं, अर्थात वेगळ्या किमतीचं. आता वर्गणीदारांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत असते आणि हे काम ‘सॉर्ट’ नावाची, ओळी क्रमाने लावण्यापलीकडे फारसं काही न करणारी आज्ञा करते. पिनकोडच्या रकान्यावर लाव म्हटलं की झालं.

याचं श्रेय सॉर्टला नाही, पिनकोडला आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते; रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे पंडित आणि कवी, तेव्हा केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी. सहा अंकांतला पहिला अंक देशातला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा, आणि उरलेले तीन प्रत्यक्ष पोस्ट ऑफिस. मोठ्याकडून लहानाकडे. त्यामुळे नुसते आकडे चढत्या क्रमाने लावले की मुंबईचे ४०० वाले एकत्र येतात, मग गोव्याचे ४०३, पुण्याचे ४११, कोल्हापूरकडचे ४१६, नाशिकचे ४२२, नागपूरचे ४४०. भूगोल आकड्यातच बसवलेला आहे. सॉर्टला पुणं कुठे आणि नागपूर कुठे हे कळण्याची गरज पडत नाही.

एका संस्कृत पंडिताने कागदावर जो विचार केला, तो आज मला एक अख्खं मॉड्यूल विकत घेण्यापासून वाचवतो. सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं याची यादी करण्याआधी आपली माहिती कशी मांडली आहे ते बघावं, हे मला इथे उमगलं.

४. मराठीसाठी छोटी हत्यारंही पारखून घ्यावी लागतात.

या धंद्यात एक किस्सा फार सांगितला जातो. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड नूथ यांना एक प्रोग्राम लिहायला सांगितला: मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द, त्यांच्या संख्येसह काढा. नूथ म्हणजे या विद्येतले आचार्य. त्यांनी तो पानंच्या पानं खर्चून, डोळ्यांत तेल घालून, रत्नजडित दागिन्यासारखा लिहिला. परीक्षणाला तो मॅकिलरॉय यांच्याकडे गेला. त्यांनी कारागिरीची दाद दिली आणि खाली तेच काम करणाऱ्या सहा आज्ञा पाइपने जोडून लिहून दिल्या. शब्द सुटे कर, सगळे लहान लिपीत आण, क्रमाने लाव, सारखे मोज, संख्येप्रमाणे उलटे लाव, वरचे तेवढे दाखव.

मी या सहा आज्ञा मराठी मजकुरावर चालवल्या. हाती काही म्हणजे काही आलं नाही. पहिलीच आज्ञा, ‘टीआर’, रोमन ए ते झेड सोडून बाकी सगळ्याला कचरा समजते, म्हणजे आख्खी मराठी कचऱ्यात. बरं, ए ते झेडच्या जागी देवनागरी द्यावी तर लिनक्सवरच्या जीएनयू टीआरला एका वेळी एकच बाइट कळतो, आणि यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. गंमत अशी की ही यूटीएफ-८ पद्धतही थॉम्प्सन यांनीच, रॉब पाइक यांच्यासोबत, १९९२ मध्ये बसवली. पाइप करणारा आणि त्यातून मराठी वाहू शकेल अशी सोय करणारा माणूस एकच, आणि तरी मधल्या टीआरचं अडतं.

‘मराठी’ हाच शब्द घ्या. मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ला बाइट विचारा, तो १५ म्हणेल. चिन्हं विचारा, ५ म्हणेल, कारण काना आणि वेलांटी तो वेगळी धरतो. शाळेतलं पोर म्हणेल ३. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एखादं ठिकाण ‘दोनशे अक्षरांत परिचय द्या’ म्हणतं तेव्हा या तिघांपैकी कोण मोजणार आहे ते आधी विचारून घ्यावं.

याहून छुपा शत्रू म्हणजे ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारा जोडणारा संकेत लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. लेखकांच्या फायली वेगवेगळ्या कीबोर्डांवरून येतात, त्यामुळे एकाच लेखमालेत दोन्ही सापडतात. शोधून-बदलताना निम्मे सुटतात आणि मुद्रितशोधक बिचारे आपलंच डोकं धरून बसतात. आता मजकूर आला की सगळ्यात आधी तो एका चिमुकल्या प्रोग्राममधून जातो. हे दोन ‘र’ एक करणं एवढंच त्याचं आयुष्य आहे.

सूचीचं तसंच. लेखकांची सूची संकेतक्रमाने लावली की ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. मोठ्या सॉफ्टवेअरात असं काही निघालं तर तुम्ही फार तर तक्रार नोंदवू शकता. इथे मी सॉर्टच्या आधी एक पायरी घातली: प्रत्येक ळ च्या जागी अवग्रहाचं चिन्ह ठेव. अवग्रहाचा संकेत ह नंतर आणि मात्रांच्या आधी येतो, आणि तो कुणाच्या आडनावात नसतो. मग सॉर्ट. मग अवग्रहाच्या जागी पुन्हा ळ. काळे आपल्या जागी जाऊन बसले. सॉर्टला मराठी येत नव्हतीच, पण त्याच्या आधी नि नंतर मला हात घालता आला.

शोधायचं म्हटलं तर ‘ग्रेप’ आहे. तोही थॉम्प्सन यांचाच, एका रात्रीत बाहेर काढलेला. जुन्या अंकांत पुण्याविषयी काय आलं ते शोधायला ‘पुणे’ टाकलं तर ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्याहून’ यांतलं एकही सापडत नाही. म्हणून ‘पुण’ एवढंच टाकायचं. त्यात मग ‘निपुण’ आणि ‘नैपुण्य’ही येतात. पुणेकरांना त्यात काही वावगं वाटणार नाही.

५. फुगणं हा रोग विक्रीतून येतो.

नेटस्केपमध्ये काम केलेल्या जेमी झाविन्स्की यांचं एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: ईमेल वाचता येऊ लागेपर्यंत प्रत्येक प्रोग्राम वाढतच राहतो. त्यांनी ते घरातच पाहिलं होतं. ब्राउझरचं नेटस्केप १९९७ मध्ये ‘कम्युनिकेटर’ झालं. त्यात ब्राउझरसोबत ईमेल होतं, चर्चागट होते, वेबपानं तयार करायची सोय होती. पुढे त्याचा वारसा मोझिलाकडे गेला, आणि काही मंडळींनी त्या गाठोड्यातून नुसता ब्राउझर सोडवून घेतला. तोच फायरफॉक्स, ९ नोव्हेंबर २००४ ला १.० होऊन बाहेर पडला. आयट्यून्सचीही तीच कथा. २००१ मध्ये गाणी ऐकायला आलेलं, मग दुकान, चित्रपट, पॉडकास्ट, फोनचा बॅकअप. शेवटी २०१९ मध्ये ॲपलने मॅकवर त्याचे तुकडे केले.

हे अडाणीपणाने होत नाही. नवी आवृत्ती विकायची तर खोक्यावर नवीन काहीतरी छापावं लागतं, आणि ‘आधीचंच काम आता निम्म्या वेळात’ हे छापून खोकं खपत नाही. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस वर्थ यांनी १९९५ मध्ये हडकुळ्या सॉफ्टवेअरची बाजू घेणारा लेख लिहिला होता; यंत्रं जेवढ्या वेगाने वेगवान होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं, ही त्यातली तक्रार. तीस वर्षं झाली. माझ्या संगणकाची मेमरी तेव्हाच्या कितीतरी पट आहे आणि तरी दोन ओळींचं पत्र टाइप करायला प्रोग्राम उघडताना मी हात बांधून बसते.

वर ज्या यूपीआयचं कौतुक केलं त्याच्या ॲपांकडेही बघा. सांधा साधाच राहिला, पण ॲपांत सोनं आलं, विमा आला, रिचार्ज, तिकिटं, आणि सगळ्यांत वर ‘तुम्हाला कर्ज मंजूर’. झाविन्स्कींच्या नियमाची भारतीय आवृत्ती काढायची तर कर्ज देता येऊ लागेपर्यंत प्रत्येक ॲप वाढतं, असं म्हणावं लागेल. फरक इतकाच की सांधा सामाईक असल्यामुळे कंटाळा आला की ते ॲप काढून दुसरं टाकता येतं. खातं बँकेतच राहतं.

६. घात सांध्यावर होतो, आणि आवाज न करता होतो.

आता छोट्यांची गाऱ्हाणी. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेलेच नाहीत. प्रयोगशाळा साध्या मजकुराच्या फायली पाठवत होत्या, त्या बरोबर होत्या. पुढे त्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या तक्त्यात भरल्या जात होत्या, आणि त्या तक्त्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही त्यामुळे लांबला. दोन्ही टोकांची सॉफ्टवेअरं आपापल्या नियमाने चालली होती. मध्ये मोजणारं कुणी नव्हतं.

जनुकशास्त्रज्ञांचं तर याहून विचित्र. काही जनुकांची इंग्रजी संक्षिप्त नावं ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी वाचली जातात, आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. ती सवय बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये.

आमच्याकडेही हे चालूच असतं. वर्गणीदारांची फाइल कुणीतरी ‘जरा बघायला’ म्हणून स्प्रेडशीटमध्ये उघडतं आणि सवयीने सेव्ह करतं. ०२० ने सुरू होणाऱ्या फोन क्रमांकांचं शून्य उडतं. ९१ लावलेले मोबाइल ‘९.१९ ई’ असं काहीतरी होऊन बसतात. कधी सगळी मराठी जाऊन तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग लागते, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि जुन्या रोमन संकेतात त्याचं चित्र तेच. ते ‘ए’ दिसले की घाबरू नये, मजकूर शाबूत असतो, उघडताना यूटीएफ-८ निवडलेलं नसतं इतकंच. फक्त तशा अवस्थेत सेव्ह करू नये.

माझा नियम साधा आहे. फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोन्हीकडे ओळी मोजायच्या. जुळल्या तर पुढे. मूळ फाइलीला कधी हात लावायचा नाही, प्रत्येक पायरीची वेगळी फाइल. डिस्कवर जागा मुबलक आहे.

७. काही कामं एकसंधच हवीत.

पानाची मांडणी पाइपने होत नाही. चित्र दोन ओळी खाली सरकवलं की मजकूर कसा वळतो, शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी पडते का, हे सगळं एकाच नजरेत हवं. त्यासाठी इनडिझाइनसारखं भरभक्कम सॉफ्टवेअर लागतं आणि त्याबद्दल माझी कुरकुर नाही. हिशेबाचंही तेच: जमा आणि नावे एकाच क्षणी पडली पाहिजेत, एक पडली आणि दुसरी राहिली असं चालत नाही. तिथे सुटे तुकडे जोडायला जाणाऱ्याला आमच्या सीएंनी हाकलून दिलं असतं. जिथे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे ते एकात ठेवावं. वर्गणीची यादी, पत्त्यांची लेबलं आणि लेखाचं शुद्धलेखन एकमेकांत गुंतलेलं नाही.

८. अति छोटंही वाईट.

मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नाराजीतून आपली सगळी पॅकेजं सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं एक होतं. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकामी जागा भरणारं, ११ ओळींचं. त्यावर दुसरं विसंबलेलं, त्याच्यावर तिसरं. जगभरच्या प्रोग्रामरांची कामं खोळंबली आणि भांडाराच्या चालकांना ते पॅकेज काही तासांत परत आणावं लागलं. अकरा ओळी प्रत्येकाला स्वतः लिहिता आल्या असत्या.

२०२४ च्या मार्चमध्ये तर काळजाचा ठोका चुकावा असं घडलं. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारं छोटं हत्यार, जवळजवळ एकाच स्वयंसेवकाच्या खांद्यावर चाललेलं. त्याचा विश्वास संपादन करत कुणीतरी आत शिरलं आणि सर्व्हरात चोरदरवाजा होईल असा कोड घुसवला. आन्द्रेस फ्रॉइन्ड या अभियंत्याला लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं, तो मुळापर्यंत गेला, म्हणून निभावलं. एकेक काम चोख करणारी हत्यारं घ्या, पण त्यांच्यामागे किती माणसं उभी आहेत तेही बघा. फुकट मिळालेल्या ज्या हत्याराशिवाय आपलं पान हलत नाही, त्याच्यासाठी वर्षाकाठी थोडी वर्गणी पाठवायला हरकत नसावी. मासिकवाल्यांना तरी वर्गणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

९. जोडणी कागदावर लिहून ठेवावी.

मोठ्या सॉफ्टवेअरला पुस्तिका असते, मदतकेंद्र असतं. माझ्या जोडकामाला मीच. म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये ‘आधी हे वाचा’ नावाची साधी फाइल असते, मराठीत: काय आत येतं, काय बाहेर जातं, बिघडलं तर कुठे बघायचं. मी सुट्टीवर असताना आमच्या शेखरदादांनी ती वाचून लेबलं काढली आणि मला फोन केला नाही.

१०. जुन्या फॉन्टांत अडकलेली मराठी सोडवून घ्यावी.

युनिकोड रुळण्याआधीची मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टांत झाली, ते फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची चित्रं बसवत. त्यांचे उपकार आहेत. त्यांच्यामुळे मराठी छपाई खिळ्यांतून संगणकावर आली. पण प्रत्येक फॉन्टाची बसवणूक आपापली. फॉन्ट काढला की कादंबरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं उरतात. त्यात फाइल पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची, आणि आजचं इनडिझाइन त्या फायली उघडत नाही. म्हणजे दोन कुलपं: एक फाइलीचं, एक फॉन्टाचं.

यासाठी मी वापरते तो प्रोग्रामही एककलमी आहे: हा संकेत आला तर हे अक्षर, अशी लांबलचक तालिका आणि वर दोन नियम. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टांत दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफार उलटा: जुन्यात ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्यानंतर, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. त्यामुळे ‘वार्षिक’ हा शब्द म्हणजे परीक्षाच, त्यात रफार नि वेलांटी दोन्ही एकाच ष वर. रूपांतर करणारं कुठलंही सॉफ्टवेअर तपासताना मी आधी ‘वार्षिक’, ‘धार्मिक’, ‘आर्थिक’ टाकून बघते. तीन शब्दांत त्याची लायकी कळते. जिथे फाइलच उरलेली नाही आणि नुसता छापील अंक आहे, तिथे पान स्कॅन करून ‘टेसरॅक्ट’ला द्यायचं, चित्र घेऊन मजकूर देणं एवढंच काम ते करतं, त्याला मराठी येते, आणि त्याचा मजकूर पुढे त्याच ‘र’ सुधारणाऱ्या प्रोग्राममधून जातो. माणसाच्या डोळ्यांनी प्रूफ वाचणं मात्र चुकत नाही.

तुम्ही लेखक, प्रकाशक, ग्रंथालयवाले किंवा एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेचे संपादक असाल तर माळ्यावरच्या सीडी आणि जुना संगणक एकदा खाली काढा. पेजमेकर आणि तो फॉन्ट चालणारं यंत्र अजून सुरू होत असेल, तर एखाद्या सुट्टीत प्रत्येक फाइलीतला मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढून घ्या आणि फॉन्टाचं नाव फाइलीच्या नावातच लिहून ठेवा. युनिकोडमध्ये आणायचं काम नंतर सावकाश करता येईल. ते यंत्र एकदा बंद पडलं तर करता येणार नाही.